तोंड एकाचं, गळा दुसऱ्याचा

गेली सतरा वर्षं मी अंधेरीतल्या एका इमारतीच्या तळघरात उभी राहून प्राण्यांचे आवाज काढते. परदेशी कार्टून मालिका येतात, त्यांना हिंदी आणि मराठी तोंड लागतं, ते मी पुरवते. आजवर एक रडकं अस्वल, दोन बदकं, एक डॉक्टर झालेली मांजर आणि अगणित 'मुलगा क्रमांक तीन' माझ्या नावावर आहेत. नावावर म्हणजे माझ्या वहीत. पडद्यावर नाव सहसा येतच नाही. शेवटची पाटी सुरू झाली की चॅनेल ती चिमटीएवढी करून पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात लावतं.

गेल्या पावसाळ्यात मला एक खार मिळाली. 'मिळाली' म्हणताना अजूनही जीभ अडखळते, कारण ती आमच्या ताईंची होती. नऊ वर्षं त्यांनी त्या खारीला आवाज दिला. जूनमध्ये ताई गेल्या. तेराव्यानंतर चारच दिवसांत स्टुडिओतून फोन आला, "मॅडम, मॅच करून पाहता का? पोरांना कळता कामा नये." मी बूथमध्ये शिरले, हेडफोन चढवला आणि त्यात ताईंचा जुना ट्रॅक सुरू झाला. काचेपलीकडे इंजिनियर, अलीकडे मी, आणि कानात एक बाई जी आता कुठेच नाही. बोलणं तीन टेकमध्ये बसलं. शिंक बसली. रडणं तर ताईंपेक्षा बरं झालं असं इंजिनियर म्हणाला, आणि मग त्यालाच वाईट वाटलं. बसेना फक्त हसू. ताई हसताना आधी श्वास आत ओढायच्या, त्याचा एक बारीक 'हीक्' यायचा आणि मग हसू सांडायचं. माझा 'हीक्' उचकीसारखा येत होता. अठरा टेक झाले. "हसू नंतर बघू," असं म्हणून त्यानं मला सोडलं.

त्यानंतर कधीतरी, सप्टेंबरमध्ये, संध्याकाळच्या लोकलमध्ये दारापाशी अंग चोरून उभी असताना फोनवर बातमी दिसली. 'गोरिलाझ' या चित्रांच्या ब्रिटिश बँडचा नवा अल्बम जाहीर झाला होता. त्याचं काही काम मुंबईत झालंय, त्यात आशा भोसले गायल्या आहेत, आणि मुखपृष्ठावर देवनागरीत लिहिलंय, पर्वत. मी जोगेश्वरी ते बोरिवली तेच वाचत राहिले.

या बँडशी माझी ओळख २००१ची. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत केबलचा टीव्ही होता. बाबा छापखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. रिमोट दिवसभर त्यांच्याकडे, रात्री साडेदहानंतर माझ्याकडे, आवाज दोन रेघांवर. एका रात्री संगीताच्या चॅनेलवर काळ्या आभाळाखाली चार चित्रं वाजवताना दिसली. निळ्या केसांचा, पोकळ डोळ्यांचा पोरगा एखाद्या भोंग्यातून आल्यासारखा कंटाळून गात होता. हिरवट कातडीचा एक किडकिडीत इसम बास वाजवत होता, ज्याला आमच्या चाळीत कुणी पाणीही दिलं नसतं. ड्रमवर एक अगडबंब माणूस, आणि गिटार घेतलेली एक जपानी चिमुरडी. अचानक त्या जाड्याच्या डोक्यातून एक निळं भूत निघालं आणि झरझर रॅप करू लागलं.

बाबा जागेच होते. पांघरुणातूनच म्हणाले, "काय गो, ह्येंका खरी तोंडा नाय काय?"

आम्ही मूळचे कुडाळजवळच्या पिंगुळीचे. आजी तेव्हा मुंबईत डोळ्याच्या ऑपरेशनला आली होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं तिनं ते भूत पाहिलं आणि शांतपणे निकाल दिला, "त्या काळ्याच्या अंगात येता." पुढे वाचून कळलं की आजी तंतोतंत बरोबर होती. रसेल हॉब्ज या पात्राची कथाच अशी रचली आहे की मारल्या गेलेल्या त्याच्या मित्रांचे आत्मे त्याच्यात वस्तीला आलेत. भुताचा आवाज होता डेल द फंकी होमोसेपियन या अमेरिकी रॅपरचा. म्हणजे एका न-माणसाच्या अंगात दुसरा न-माणूस आला होता आणि त्याच्यातून तिसराच खरा माणूस गात होता. यावर परदेशी अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. आजीला चार शब्द पुरले.

मागची खरी माणसं मुख्यतः दोन. डेमन अल्बार्न हा नव्वदच्या दशकात 'ब्लर' या ब्रिटिश बँडचा गायक, देखणा, मासिकांच्या मुखपृष्ठावरचा पोरगा. जेमी ह्युलेट हा 'टँक गर्ल' या कॉमिकचा चित्रकार. दोघे लंडनमध्ये एका फ्लॅटमध्ये राहत होते. १९९८च्या सुमाराला एमटीव्ही बघत बसले असताना त्यांना वाटलं, यात सगळे चेहरेच चेहरे आहेत आणि आत काही नाही. मग आपण सरळ चेहरेच काढू की! कुणी खरा असल्याचं नाटकच नको. ज्याचा चेहरा विकला जात होता त्यालाच हे सुचावं याचं मला नवल वाटत नाही. चेहऱ्याचा वीट चेहरेवाल्यालाच आधी येतो.

टू-डी हे त्या निळ्या केसांच्या गायकाचं नाव. कथेनुसार मर्डॉकच्या, म्हणजे त्या हिरवट बासवाल्याच्या, गाडीमुळे त्याच्या डोक्याला दोन पोचे आले, दोन डेंट, म्हणून टू-डी. आणि कागदावरचा म्हणूनही टू-डी. ती जपानी चिमुरडी, नूडल, पार्सलच्या पेटीतून आली, तिला इंग्रजीतला एकच शब्द येत होता, तोच तिचं नाव झाला. हे सगळं बाष्कळ आहे. पण मर्डॉक, टू-डी वगैरे मंडळी मुलाखती देत, भांडत, तुरुंगात जात. २००१ साली ब्रिटनमधल्या मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत त्यांच्या पहिल्या अल्बमचं नाव आलं, तेव्हा 'आमचं नाव काढा' म्हणून बँड बाजूला झाला आणि त्यावर तोंडसुख घेतलं ते मर्डॉकनं. पुरस्कार नाकारण्याचा माज चित्रानं करायचा, मागच्या माणसानं नामानिराळं राहायचं.

मला यात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट खूप उशिरा कळली. त्या पहिल्या गाण्याचा, 'क्लिंट ईस्टवुड'चा तो धप्-टक ठेका अल्बार्ननं रचलेलाच नाही. सुझुकीचं ऑम्निकॉर्ड नावाचं एक प्लास्टिकचं वाद्य आहे, त्यात कारखान्यातूनच काही ठेके भरून येतात. त्यातलं एक बटण त्यानं दाबलं. 'रॉक वन'. बस्स. त्यावर मेलोडिका, म्हणजे आपल्याकडे गॅदरिंगमध्ये पोरं फुंकतात ती पेटी. गणपतीत ऑर्केस्ट्रावाला कॅसिओवर 'बीट फोर' लावतो तेव्हा आपण त्याला संगीतकार म्हणत नाही. इथे खोटा बँड, उसना ठेका, दुसऱ्याचा रॅप, आणि व्हिडिओत कबरीतून उठून नाचणारे गोरिले, ज्यांना पाहून मायकल जॅक्सनची भुतं आठवल्याशिवाय राहत नाहीत. एकही वस्तू घरची नाही आणि तरी असं गाणं आधी कुणी ऐकलं नव्हतं.

कलिनाला एम.ए. करताना या प्रकाराला नाव मिळालं. उत्तर-आधुनिकता. सर फळ्यावर लिहायचे: ल्योतार, १९७९, महाकथनांवरचा अविश्वास. रोलाँ बार्थ, १९६७, लेखकाचा मृत्यू. बोद्रियार, मूळ नसलेली प्रतिकृती. मी वहीच्या समासात टू-डी काढत बसायचे. सरांनी एकदा ती वही उचलली, चित्र बघितलं आणि "हे बरं उदाहरण आहे" म्हणून वर्गाला दाखवलं. त्या दिवशी मला वाटलं, मला सगळं कळलं. लेखक मेला, गायक मेला, उरलं फक्त चित्र आणि ऐकणारा!

मग मी डबिंगमध्ये आले आणि कळलं की बूथमध्ये कुणी मरत नाही, फक्त त्याचं नाव कापलं जातं. या दोन गोष्टींतला फरक बार्थला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याचं नाव पुस्तकावर होतं.

आणि मुंबईला तर हा धंदा जुनाच. अंधेरीपासून चौथं स्टेशन मालाड. तिथल्या बॉम्बे टॉकीजनं १९४९ साली 'महल' काढला. त्यातलं 'आयेगा आनेवाला' आपण लता मंगेशकरांचं म्हणून ऐकतो. पण तेव्हा निघालेल्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी कोण? तर मधुबालानं वठवलेलं पात्र! जी बाई अस्तित्वातच नव्हती तिचं गाणं रेडिओवर लागत होतं. ऐकणाऱ्यांनी आकाशवाणीकडे पत्रांचा मारा केला की गातंय कोण ते सांगा, तेव्हा कुठे लताबाईंचं नाव बाहेर आलं. गोरिलाझच्या पन्नास वर्षं आधी मालाडमध्ये काल्पनिक गायिकेची रेकॉर्ड खपत होती, आणि तिला कुणी उत्तर-आधुनिक म्हटलं नाही. त्याच गाण्याबद्दल लताबाईंनी सांगितलेली आठवण माझ्या कामाची आहे. आवाज दुरून येतोय असं वाटायला हवं होतं, म्हणून त्या माइकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात जवळ आल्या. आता तेच मी बटणावर सोडते. "जरा लांबची दे ना" म्हटलं की इंजिनियर लांब करून देतो. पाय हलवावे लागत नाहीत.

पण प्लेबॅक आणि गोरिलाझ एक नव्हेत. प्लेबॅकमध्ये शिवण दिसू द्यायची नसते. ओठ बसले पाहिजेत, नाहीतर प्रेक्षक हसतो. गोरिलाझ शिवण बाहेरून घालतात, जाड्या दोऱ्यानं, सगळ्यांना दिसेल अशी. त्यांच्याशी नातं सांगायचंच तर ते आपल्या अर्धवटरावांचं. रामदास पाध्यांच्या हातात तो बाहुला बसायचा, आवाज पाध्यांचा हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही माहीत, तरी अर्धवटराव पाहुण्यांचा पाणउतारा करू लागले की सगळे बघत बाहुल्याकडेच. पाध्ये स्वतः ते बोलले असते तर आयोजकांनी पाकीट दिलं नसतं. मर्डॉक हा अर्धवटरावांचा वाया गेलेला परदेशी चुलतभाऊ आहे असं माझं मत आहे.

नूडलचं मात्र मला वेगळंच वाटतं. पहिल्या अल्बममध्ये ती मिहो हातोरीच्या आवाजात गायली. २००५च्या 'डेअर'मध्ये पडद्यावर नूडल नाचते, गळा रोझी विल्सनचा. पुढेही तिचे आवाज बदलत गेले. पोरगी एक, बायका कितीतरी. आणि यातली मजा अशी की नूडल वाढली. २००१ला दहा वर्षांची होती, मग चौदा-पंधराची झाली, मग बाई झाली. कार्टूनला हे शोभत नाही. आपला चिंटू १९९१पासून 'सकाळ' दैनिकाच्या पानावर आला तो त्याच टी-शर्टमध्ये, त्याच वयाचा. मी दहावी झाले, लग्न केलं, केस पांढरे झाले, चिंटूचा गृहपाठ राहिलेलाच. माझी खारही नऊ वर्षं तीच, तेवढीच. म्हणून तर ताईंचं वय तिच्या आवाजात उतरू नये यासाठी ताई शेवटी शेवटी सकाळी रेकॉर्डिंगच घ्यायच्या नाहीत. घसा सुटायला दुपार व्हायची.

चित्राला स्टेजवर कसं आणायचं हा त्यांचा कायमचा घोळ. २००१मध्ये खरे वादक पडद्यामागे सावल्यांसारखे उभे राहून वाजवायचे, पुढे चित्रं. लोकांनी पैसे देऊन पडदा पाहिला. २००६च्या ग्रॅमी सोहळ्यात ही पात्रं मॅडोनाबरोबर एका स्टेजवर उभी असल्यासारखी दिसली. ती करामत म्हणजे पेपरचं भूत (पेपर हे माणसाचं नाव), एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या नाटकवाल्यांची काचेची जादू, फक्त काचेच्या जागी पारदर्शक पातळ पडदा. अडचण एकच. बास आणि ड्रम मोठे केले की तो पडदा थरथरतो आणि चित्रं लटपटतात. म्हणून आवाज हळू ठेवावा लागला. मला हे वाचून इतकं हसू आलं की लोकलमधल्या शेजारणीनं वळून पाहिलं. चित्र हलू नये म्हणून गाणं दाबायचं! आमच्या तळघरात रोज हेच चालतं. ओठ मध्येच एकदा मिटतात म्हणून 'कृतज्ञ' जातं आणि 'आभारी' येतं.

२०१०च्या 'प्लास्टिक बीच'नंतर ते कंटाळले आणि वादक सरळ पडद्यासमोर आले. लू रीड, बॉबी वोमॅक, स्नूप डॉग असे पाहुणे, वरती चित्रं, खाली घामेजलेली माणसं. गाणी जास्त चांगली झाली. 'डीमन डेज' आणि 'प्लास्टिक बीच' हे दोन अल्बम मी आजही भांडी घासताना लावते. पण पडद्यासमोर अल्बार्न दिसू लागल्यावर टू-डी बिचारा वॉलपेपर झाला असं मला वाटतं. नंतरच्या 'ह्युमन्झ'मध्ये तर पाहुण्यांची इतकी गर्दी की घरचं कोण ते कळेना, लग्नाच्या हॉलसारखी. तो मी दोनदा ऐकला आणि सोडला.

पिंगुळीला आमच्या घराच्या मागे ठाकरांची वाडी. त्यांच्याकडे चित्रकथीच्या पोथ्या असत. पोथी म्हणजे शिवलेलं पुस्तक नव्हे, चित्रांचे सुटे कागद, ओळीनं लावलेले. एकजण वीणा घेऊन गातो, दुसरे टाळ आणि हुडूक धरतात, एकेक चित्र फळीला टेकवून उभं केलं जातं. रामही त्याच आवाजात, रावणही त्याच. या घरांपैकी परशुराम गंगावणे यांना २०२१चा पद्मश्री मिळाला, तेव्हा आमच्या वाडीतल्या व्हॉट्सॅपवर दोन दिवस दुसरं काही नव्हतं. लहानपणी मी गणपतीत तिथे बसायचे. सगळे चित्राकडे बघायचे, मी मात्र गाणाऱ्याकडे. रावण आला की त्याच्या मानेची शीर फुगायची. आजी माझं डोकं धरून चित्राकडे वळवायची, "थंय बघ." चित्रकथी म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी आजीचा तो हात सांगेन.

आता पर्वताकडे येते. अल्बार्न आणि ह्युलेट या दोघांचेही वडील थोड्याच दिवसांच्या अंतरानं गेले, त्यानंतर दोघे भारतात आले, आणि त्यातून हा अल्बम उभा राहिला. खरं सांगायचं तर माझ्या कपाळाला आठी पडली. मरण आलं की यांना काशी आठवते, सतार आठवते, आणि बघा, अनुष्का शंकरही आहेतच. पण मग आम्हीही बाबांच्या अस्थी नाशिकला रामकुंडात नेऊन सोडल्या होत्या, परतीच्या बसमध्ये भेळ खाल्ली होती आणि हेडफोनवर 'डीमन डेज' लावला होता. लंडनच्या चित्रांनी मला त्या रात्री घाटातून खाली आणलं. तेव्हा मी त्यांची परवानगी घेतली नव्हती. आठी काढून टाकली.

त्या बातमीत मला थांबवलं ते पाहुण्यांच्या यादीनं. आशाबाई होत्या, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या. आणि त्यांच्याबरोबर बॉबी वोमॅक, जो २०१४ला गेला. डेनिस हॉपर, २०१०ला गेलेला. टोनी ॲलन, २०२०. डी ला सोल या रॅप-गटातला डेव्ह, ज्यानं गोरिलाझच्याच 'फील गुड इंक'मध्ये रॅप केलं होतं, २०२३ला गेला. आधीच्या रेकॉर्डिंगमधून उरलेले त्यांचे आवाज या अल्बममध्ये आहेत. रसेलच्या डोक्यातून भूत निघालं तेव्हा ती गंमत होती, भुताचा आवाज देणारा डेल चांगला जिवंत होता. चोवीस वर्षांत त्या बँडच्या अंगात खरंच मेलेली माणसं येऊ लागली. आणि चित्रं तशीच उभी. चित्रांना तोंड आहे म्हणून मेलेल्यांना गाता येतं. तोंडवाल्या माणसांच्या बँडला हे इतकं साधलं नसतं, तिथे प्रत्येकजण रिकाम्या खुर्चीकडे बघत बसला असता.

त्याच महिन्याच्या शेवटी, सप्टेंबर २०२५मध्येच, मुंबई उच्च न्यायालयानं आशाबाईंच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला. त्यांच्या परवानगीशिवाय एआय वापरून त्यांच्या आवाजाची नक्कल करायची नाही. आदल्या वर्षी अरिजित सिंगच्या बाबतीतही याच न्यायालयानं असा आदेश दिला होता. मी दोन्ही बातम्या कापून वहीत चिकटवल्या, कारण आमच्या करारात हल्ली एक नवं कलम येतं. बारीक अक्षरात, सातव्या पानावर. 'सर्व माध्यमांत, ज्ञात व भविष्यात ज्ञात होणाऱ्या, कायमस्वरूपी.' एपिसोडचे पैसे नव्वद दिवसांनी मिळतात, आवाज मात्र सहीबरोबर कायमचा जातो. सही केली नाही तर खार दुसरीला मिळते. मी केली. ताईंनीही केली असणार.

दिवाळीच्या आधी खारीचे पुढचे भाग करायला गेले. मी विचारलं, "हसण्याचं काय करायचं? रियाज केलाय मी." खरंच केला होता, रोज रात्री, न्हाणीघरात, नळ सोडून. इंजिनियरनं काचेपलीकडून हात हलवला, टॉकबॅकवर म्हणाला, "नको मॅडम, झालंय ते. ऐका."

त्यानं पहिला भाग लावला. खार माझ्या आवाजात म्हणाली, "अगं, अक्रोड कुठे ठेवलास?" समोरच्या बेडकानं काहीतरी उत्तर दिलं. मग पडद्यावर खारीनं तोंड उघडलं, आधी श्वास आत ओढला गेला, त्याचा बारीक 'हीक्' आला, आणि ताई हसल्या. जुन्या भागांतून त्यानं त्यांची अकरा हसू काढून ठेवली होती. छोटं, मोठं, तोंड दाबून, गुदगुल्यांचं. ओठ असे बसले होते की माझे कधी बसले नसते. ताईंच्या मुलीला विचारलं का, हे मी विचारलं. तो म्हणाला, ते ऑफिसवाल्यांचं काम.

स्टँडवर त्या दिवसाचा कागद लावलेला होता. डावीकडे टाइमकोड, मध्ये संवाद, उजवीकडे कलाकाराची आद्याक्षरं. माझ्या संवादांसमोर माझी होती. चोविसाव्या ओळीत लिहिलं होतं: खार हसते. आणि उजवीकडे: लायब्ररी.

मी खिशातलं पेन काढलं, 'लायब्ररी'वर रेघ मारली आणि तिथे ताईंची आद्याक्षरं लिहिली. मग हेडफोन चढवला आणि पंचविसावी ओळ घेतली.